फुलं होती, तरी माश्या उपाशी मेल्या: एका बागेतल्या हिवाळ्याचं प्रकरण

थंड प्रदेशातली, मार्चच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. वारा पडला होता, ऊन बरं होतं. डावीकडच्या मधपेटीच्या दाराशी मधमाश्यांची ये-जा सुरू होती, उजवीकडचं दार मात्र गप्प. पेटीला कान लावून बोटाने टकटक केली. वसाहत जिवंत असली की आतून क्षणभर गुणगुण उठते आणि विरते. काहीच उठलं नाही.

झाकण काढलं. चौकटींच्या मधोमध दोन मुठींएवढा माश्यांचा घोळका जागच्या जागी मेलेला. कित्येक माश्यांची डोकी पोळ्याच्या कोठड्यांत रुतलेली, पोटं बाहेर. त्यांच्याखाली तळहाताएवढ्या जागेत मेणाने झाकलेली पिल्लं. आणि चार बोटं पलीकडे, कडेच्या चौकटीवर, झाकबंद मध. फार नाही, पण होता.

पेट्या माझ्या, बाग मावशीची. तिच्याच बागेत दोन शरद ऋतू आम्ही फक्त एका गोष्टीवर घालवले होते: हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडावर माश्यांना खायला मिळेल अशी झाडं लावणं. चौदा प्रकार. त्या दुपारीही गवतात क्रोकस फुललेले होते, महोनियाची शेवटची पिवळी फुलं झडत होती. मावशी माझ्यामागे येऊन उभी राहिली, पेटीत डोकावली आणि म्हणाली, "अरे, एवढी फुलं लावली आपण, आणि या उपाशी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढचे दोन हिवाळे लागले. त्याचाच हा हिशोब.

आधी इतर संशय

हिवाळ्यात वसाहत मेली की हात पहिल्यांदा फुलांकडे जात नाही, जाऊही नये. विषबाधा असती तर पेटीबाहेर, दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच दिसला असता, बऱ्याच जणींची जीभ बाहेर आलेली. तसं नव्हतं. आतड्यांचा आजार असता तर चौकटींवर आणि दारावर तपकिरी ओघळ दिसले असते. तेही नव्हते. व्हारोआ या कोळीवर्गातल्या किडीने वसाहत बसली की बहुतेक वेळा मध भरपूर उरतो आणि माश्या थोड्याच सापडतात, काहींचे पंख चुरगळलेले. इथे माश्या होत्या, पंख धड होते. डोकं कोठडीत आणि पोट बाहेर, हे चित्र एकाच गोष्टीचं असतं: शेवटचा थेंब चाटायला आत शिरलेली माशी तिथेच थंड झाली.

पण मग चार बोटांवर मध कसा? हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतं. बाहेरचा पारा साधारण 14 अंशांखाली गेला की मधमाश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात. बाहेरच्या माश्या आत तोंड करून कवच होतात, आतल्या उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. आत पिल्लं नसतील तेव्हा मध्यभागी वीस-पंचवीस अंश पुरतात. पिल्लं आली की तिथे 34-35 अंश राखावेच लागतात, दिवसरात्र. अशा वेळी लहान वसाहतीची पंचाईत होते. पिल्लं सोडून मधाकडे सरकलं तर पिल्लं गारठतात, न सरकलं तर आपण उपाशी. माश्या पिल्लं सोडत नाहीत.

मग ही पिल्लं एवढ्या लवकर आलीच का? इथे मात्र आमच्या फुलांकडे यावं लागतं.

चौदा प्रकारांचं काय झालं

झाडांची यादी खोटी नव्हती. हिवाळी हनीसकल, महोनिया, हेलेबोर, स्नोड्रॉप, विंटर अकोनाइट, क्रोकस, हिवाळी हीदर, सार्कोकोका, पल्मोनॅरिया, हेझल, विंटर जास्मिन, कॅमेलिया, फॉर्सिथिया आणि एक भरगच्च पाकळ्यांचं हेलेबोर, जे मावशीला फार आवडलं म्हणून आलं. यातल्या बहुतेकांवर कुठे ना कुठे माश्या बसतात. चूक अशी की आम्ही 'कधी फुलतं' हा एकच रकाना भरला. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक पंधरवड्यात काहीतरी फुललेलं असलं की काम झालं, असं धरलं.

पुढच्या हिवाळ्यात पेटीजवळ तापमापक टांगला आणि एक वही केली. अकरा, एक आणि तीन वाजता तीन नोंदी: पारा किती, कुठलं फूल उघडं, त्यावर कोण. मी नसलो की मावशी लिहायची आणि तिच्या नोंदी माझ्यापेक्षा नीट असत. वहीची दोन-तीन पानं भरताच पहिली गोष्ट कळली: मधमाशीचा हिवाळा महिन्यांत नाही, तासांत मोजावा लागतो. साधारण 10-12 अंशांच्या खाली ती चरायला निघत नाही. निघाली आणि गार फुलावर जास्त वेळ रेंगाळली तर स्नायू गार पडून परतता येत नाही. जानेवारीत असे उडण्याजोगे दिवस आम्हाला एका हाताच्या बोटांवर मोजता आले, आणि त्या दिवसांतलेही तास दुपारचे, दोन किंवा तीन.

आता तीच चौदा झाडं या तासांसमोर ठेवून पाहिली.

महोनिया बागेच्या मागच्या कोपऱ्यात, सावलीत. नोव्हेंबर-डिसेंबरात फुलांनी लगडलेला, पण दुपारच्या दोन तासांत तिथे ऊन पोहोचतच नव्हतं. साधी हेलेबोरं उत्तरेच्या भिंतीलगत, "सावलीत चालतं" असं लेबलवर होतं म्हणून. चालतं हे खरं, झाडाला चालतं! स्नोड्रॉप सहा-सात ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी पाच-सात कंद, बागेला 'शोभा' यावी म्हणून शिंपडल्यासारखे. ज्या माशीच्या हातात दोन तास आहेत तिला असं शिंपडलेलं परवडत नाही. माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर राहते. दोन फुलांमधलं अंतर वाढलं की फेरीचा खर्च मिळकतीच्या वर जातो.

उरलेल्यांपैकी फॉर्सिथिया आणि विंटर जास्मिन पिवळेधमक, लांबून पाहिलं की वाटावं माश्यांची जत्रा असेल. वहीत त्यांच्यासमोरचा रकाना जवळजवळ कोरा राहिला. कॅमेलिया आणि ते मावशीचं हेलेबोर हे भरगच्च प्रकार. अशा फुलांत जास्तीच्या पाकळ्या बहुधा पुंकेसरांच्या किंवा मकरंदाच्या नळ्यांच्या जागी आलेल्या असतात. म्हणजे दुकान सजवलंय, आत माल नाही. साध्या हेलेबोरचं फूल नीट बघा: ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर बाह्यदलं असतात, म्हणूनच ती आठवडेच्या आठवडे टिकतात. खऱ्या पाकळ्या आक्रसून छोट्या हिरव्या नळ्या झालेल्या असतात आणि मकरंद त्यांत असतो. भरगच्च प्रकारात याच नळ्यांची झालर होते. मावशीला हे फूल उलगडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हे फक्त माझ्यासाठी." ते झाड अजून आहे. बाग तिची आहे.

हेलेबोरांबद्दल आणखी एक नवल. त्यांच्यातल्या एका रानटी, हिरव्या फुलांच्या जातीत मकरंदात यीस्ट वाढतं आणि साखर पचवताना फुलाच्या आतलं तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी वर नेतं. फुलाला स्वतःची शेगडी. पण बाहेर पाच अंश असताना ही शेगडी मधमाशीला पेटीबाहेर काढू शकत नाही.

क्रोकसची भानगड

चौदातलं एक मात्र झकास चाललं होतं आणि गोम नेमकी तिथेच होती.

क्रोकस म्हणजे केशराचे भाऊबंद. केशर शरदात फुलतं, हे वसंताच्या तोंडाशी. ते गवतात, दक्षिणेच्या उतारावर, पेट्यांपासून वीस पावलांवर होते. जागा आम्ही विचार करून निवडली नव्हती, तिथे खणायला सोपं होतं. क्रोकसचं फूल उष्णतेवर चालतं. पारा जरा चढला की उघडतं, ढग आला की मिटतं. म्हणजे माश्या उडतात नेमक्या त्याच तासांत ते उघडं. फेब्रुवारीच्या मध्यात एकाच कोवळ्या दुपारी तिथे माश्यांची झुंबड, मागच्या पायांवर गडद केशरी परागाचे गोळे. ते पाहून आम्ही दोघं खूश झालो होतो. पहिल्या हिवाळ्यातही असेच खूश झालो होतो.

पराग हे पिल्लांचं अन्न आहे. दाई माश्या पराग खाऊन डोक्यातल्या ग्रंथींतून जो रस काढतात त्यावर अळ्या वाढतात. ताजा पराग पेटीत आला की अंडी घालण्याला जोर येतो. तसंही डिसेंबरअखेरीस दिवस वाढू लागले की राणी हळूहळू अंडी घालायला लागते. परागाने त्याला रेटा मिळतो. एरवी ही चांगलीच गोष्ट आहे. शरदात जन्मलेल्या हिवाळी माश्या पाच-सहा महिने जगतात, आणि मार्चपर्यंत त्या थकलेल्या असतात. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला 21 दिवस लागतात, म्हणून एप्रिलच्या बहरासाठी नवी फळी फेब्रुवारीतच सुरू व्हावी लागते.

पण पिल्लं म्हणजे 34-35 अंश. 34-35 अंश म्हणजे जळण. आणि जळण म्हणजे मध, पराग नव्हे. त्या पहिल्या हिवाळ्यात क्रोकसने आमच्या माश्यांना पराग भरपूर दिला, मकरंद जेमतेम. मग पंधरा दिवस थंडी परतली, एकही माशी बाहेर पडली नाही, आणि आत वाढत्या पिल्लांसाठी साठा दुप्पट वेगाने जळाल्यासारखा संपत गेला. मधमाश्यांच्या वसाहती भर डिसेंबरात क्वचित उपाशी मरतात. मरतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, वसंत अंगणात आलेला असताना, ते याच कारणाने.

फुलांनी वसाहत मारली असं मी म्हणणार नाही. डावीकडच्या पेटीनेही तोच पराग खाल्ला आणि ती जगली. फरक ऑक्टोबरातला होता. उजवीकडची वसाहत उन्हाळ्यात विभागून केलेली, माश्यांनी लहान. थंड प्रदेशात एका वसाहतीला हिवाळा काढायला अठरा-वीस किलो साठा लागतो असा साधारण अंदाज असतो. मी ऑक्टोबरात दोन्ही पेट्या मागून उचलून पाहिल्या होत्या. उजवी हलकी लागली. तेव्हाच्या टिपणात माझंच अक्षर आहे: "जरा हलकी. पण फुलं आहेतच."

त्या तीन शब्दांचं मोल एक वसाहत.

आणि कापलेली आयव्ही

वही चाळताना आणखी एक गोष्ट वर आली, जी चौदांच्या यादीत नव्हतीच. बागेच्या मागच्या भिंतीवर आयव्हीची जुनी वेल होती. ऑगस्टच्या शेवटी मी ती व्यवस्थित कातरली, भिंत नीटनेटकी केली, शाबासकीही मिळवली. आयव्ही फुलते ती सप्टेंबर ते नोव्हेंबरात, आणि तीही फक्त जुन्या, वर पोहोचून प्रौढ झालेल्या फांद्यांवर. चढत्या कोवळ्या वेलीला फूल येत नाही. नेमक्या त्याच फांद्या मी उतरवल्या होत्या. हिवाळ्याआधीचा हा शेवटचा मोठा मकरंद. उघडी, साधी, हिरवट फुलं, लहान जिभेच्या किड्यांनाही पोहोचणारी, त्यामुळे मधमाश्यांपासून घोंगावणाऱ्या माश्यांपर्यंत सगळ्यांची तिथे पंगत.

आयव्हीच्या मधाला एक खोड आहे. तो पोळ्यातच लवकर दगडासारखा घट्ट होतो आणि माश्यांना तो पातळ करायला पाणी लागतं. म्हणून पुढच्या वर्षी उन्हाच्या जागी उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवलं. फेब्रुवारीतल्या पहिल्या उबेला माश्या क्रोकसच्या आधी त्या ताटलीवर दिसल्या.

काय बदललं

नवीन फार काही आणलं नाही. बरंचसं हलवलं.

साधी हेलेबोरं भिंतीच्या सावलीतून काढून पानगळीच्या झाडाखाली नेली. उन्हाळ्यात तिथे त्यांना हवी ती सावली आणि हिवाळ्यात वरची फांदी उघडी, थेट ऊन. स्नोड्रॉपचे सगळे तुकडे एकत्र केले. फुलं सरल्यावर, पानं हिरवी असतानाच उपटून लावले की ते कोरड्या कंदांपेक्षा चांगले धरतात. हिवाळी हीदरचा एकच झुडूपगोळा होता, त्याचा चटईएवढा पट्टा केला. हीदर आम्लधर्मी मातीसाठी हटून बसतं, पण हा हिवाळी प्रकार चुनखडीच्या मातीतही तग धरतो. विंटर जास्मिन आणि फॉर्सिथिया जागेवरच ठेवले, फक्त माश्यांच्या खात्यातून काढून टाकले. क्रोकस वाढवले, आणि इथे खारींनी आमच्यापेक्षा जास्त मेहनत घेतली. निम्मे कंद उकरून नेले. आता लावल्यावर वर बारीक जाळी अंथरतो. शिवाय पानं पिवळी पडेपर्यंत तिथलं गवत कापायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी कंदात जीवच राहत नाही. मावशीला हे अजून खटकतं.

नवं झाड एकच: विलो. विलोत नर आणि मादी झाडं वेगळी. मादीच्या तुऱ्यांत मकरंद मिळतो, नराच्या तुऱ्यांत मकरंद आणि पराग दोन्ही. क्रोकसने जिथे अर्धंच ताट वाढलं होतं तिथे हे पूर्ण ताट, शिवाय मार्चमध्ये, जेव्हा साठ्याला सगळ्यात ओढ लागते. पण विलो मोठं होतं आणि त्याची मुळं पाण्याच्या नळांच्या वाटेला जातात. लहान बागेसाठी 'किल्मारनॉक' नावाचा कलम केलेला, छत्रीसारख्या लोंबत्या फांद्यांचा नर प्रकार मिळतो, माणसाच्या उंचीच्या आसपास राहणारा. तो पेट्यांच्या समोर लावला. हेझलचे तुरे त्याच्याही आधी लोंबतात, पण ते वाऱ्यावर परागण होणारं झाड. मकरंद नाही, पराग माश्या नाइलाजाने घेतात.

आणि पेट्यांचं म्हणाल तर: आयव्ही फुलू दिली, ऑक्टोबरात हलकी लागलेली पेटी तेव्हाच साखरेच्या पाकाने भरली, आणि जानेवारीअखेर दोन्ही पेट्यांत माश्यांच्या गोळ्याच्या बरोबर वर फाँडंटचा, म्हणजे मऊ घट्ट साखरेचा, गोळा ठेवला. भर थंडीत पातळ पाक देत नाहीत. माश्यांना त्यातलं पाणी उडवता येत नाही आणि पेटीत ओल साचते.

निकाल, आणि त्याचं श्रेय

रिकाम्या पेटीत उन्हाळ्यात नवी वसाहत आली. त्यानंतरचे दोन्ही हिवाळे दोन्ही पेट्यांनी काढले. याचं श्रेय फुलांना द्यायचा मोह होतो, आणि मावशी ते खुशाल देते. माझ्या मते मोठा वाटा आयव्हीचा, ऑक्टोबरातल्या पाकाचा आणि त्या साखरेच्या गोळ्याचा. हिवाळी फुलं मधमाश्यांचा हिवाळा काढून देत नाहीत, ती वसंताची सुरुवात करून देतात. एप्रिलमध्ये दोन्ही पेट्या आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा भरलेल्या होत्या, आणि तो हिशोब मात्र मी क्रोकस आणि विलोच्या नावावर लिहीन.

वहीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. 'त्यावर कोण' या रकान्यात आठ-नऊ अंशांच्या दिवशीही नोंदी होत्या, आणि त्या मधमाश्यांच्या नव्हत्या. जाड, केसाळ भुंगमाशीची राणी. ती स्नायू थरथरवून छाती तीस अंशांपर्यंत तापवते आणि मधमाशी घरात बसते त्या हवेतही उडते. मागच्या कोपऱ्यातला सावलीतला महोनिया, ज्याला मी नापास केलं होतं, तो तिच्या नावाने भरलेला. मधमाशीकडे निदान कोठार असतं. भुंगमाशीची राणी हिवाळाभर जमिनीत एकटी झोपते, बऱ्याचदा उत्तरेकडच्या बांधात, जिथे अवेळचं ऊन तिला उठवत नाही. ती उठते तेव्हा जवळ काहीच नसतं. मग ती एकटीच मेणाची अंगुस्तानाएवढी मधाची कुंडी करते, अंड्यांवर कोंबडीसारखी बसून ऊब देते, आणि त्या काळात तिला दररोज मकरंद लागतो. तिच्या वर जाऊन साखरेचा गोळा ठेवता येत नाही.

तसंच पल्मोनॅरियाचं. त्याची गुलाबी उघडून निळी होत जाणारी फुलं मधमाश्यांनी फारशी मनावर घेतली नाहीत, पण मार्चमध्ये तिथे एक जलद, गिरक्या घेणारी एकटी राहणारी माशी येते, पायांवर लांब केस असलेली. नर तर एका झुडपाचा मालक असल्यासारखा पहारा देतो आणि दुसऱ्या नराला हुसकावतो. मावशीने तिला वहीत नाव दिलं आहे: 'घाईवाली'.

म्हणून महोनिया हलवला नाही. उलट त्याच्या शेजारी सावलीत हिवाळी हनीसकलचं आणखी एक रोप लावलं, ते खास भुंगमाशीसाठी.

यंदा फेब्रुवारीत एक नवी अडचण आली. शेजारी नवी कुंपणभिंत उभी राहिली आणि क्रोकसच्या उतारावर दोन वाजताच सावली येते, पूर्वी साडेतीनला यायची. दीड तास गेला. मावशीचं म्हणणं, क्रोकस हलवायला नकोत, बाकच हलवू आणि बाकाच्या जागी नवा वाफा करू, तिथे चारपर्यंत ऊन असतं. बाक हलवायला माझ्या हिशोबाने दोन माणसं लागतील. वहीत तिने तारीख आधीच टाकून ठेवली आहे.